१९६९ची कमॅरो, १९८१चं इंजिन आणि न बसणारा चेंबर

गॅरेजमध्ये गाडीखाली मी कायम एक पुठ्ठा अंथरून ठेवतो. टीव्हीच्या खोक्याचा, चांगला ऐसपैस. रात्रीत काय गळलं आणि साधारण कुठून गळलं, हे सकाळी त्यावर वाचता येतं. एप्रिलमध्ये त्यावर रुपयाएवढे दोन-तीन डाग असायचे. ऑगस्ट उजाडेपर्यंत भाकरीएवढं थारोळं साचायला लागलं आणि दर पंधरवड्याला वरून ऑइल ओतायची वेळ आली.

गाडी १९६९ची शेव्हर्ले कमॅरो. इंजिन ३५० घनइंची व्ही-एट, म्हणजे आपल्या हिशेबात ५.७ लिटर. राहायला मी डेट्रॉइटच्या उत्तरेला, पण मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. त्यामुळे इकडे ज्याला ऑइल पॅन म्हणतात, तो माझ्या तोंडात चेंबरच. ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी आवळलेली ही पत्र्याची खोल परात. तिच्यात ऑइल साठतं, पंप ते जाळीतून ओढून बेअरिंगांना पोचवतो आणि काम झालं की ते आपोआप निथळून परत परातीत येतं. दिसायला इतकी साधी वस्तू की तिच्यावर एका शनिवारपेक्षा जास्त वेळ जाईल, असं मला वाटलंच नव्हतं. पाच आठवडे गेले. ते कसे गेले, ते इथे तारखेवार नाही, पण क्रमानं लिहून ठेवतोय.

गळतंय कुठून

या इंजिनाची एक खोड आहे. मागच्या बाजूनं ऑइल टपकलं की सगळे मागच्या मेन ऑइल सीलला (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मागे बाहेर येतो तिथलं सील) शिव्या घालतात. खरं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून, इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेतून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पाझरलेलं ऑइलसुद्धा ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, पाठीवरून ओघळत नेमकं तिथंच येऊन थेंब धरतं. म्हणून आधी इंजिन खालून-वरून धुतलं, ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग टाकला आणि वीसेक मैल चालवून आलो. अंधारात दिवा धरला तर वरचा सगळा भाग कोरडा ठणठणीत. हिरवट-पिवळी रेघ सुरू होत होती ती चेंबरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून, आणि ड्रेन नटाभोवती तर कडंच उमटलेलं.

ड्रेन नटाचे आटे आधीच्या कुणीतरी मारून टाकले होते आणि त्यात स्वतःच आटे पाडत जाणारा जाडा नट ठोकला होता. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात. त्या मिठानं बुडाच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडायला घेतली होती. शिवाय बुडाला आत गेलेला एक मोठा पोचा होता. कधीतरी कुणीतरी जॅक थेट चेंबरलाच लावलेला. हा पोचा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पितळेची झाळ मारून जुनाच चालवता आला नसता का? आला असता. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा चेंबर एकदा आंबा घाटात दगडाला लागून चिरला, तेव्हा वडिलांनी अंगाचा साबण मळून चिरेत भरला होता आणि गाडी मलकापूरपर्यंत आणली होती. पण मीठ खाल्लेल्या पत्र्याला झाळ धरत नाही. एक भोक बुजवावं तर आचेनं शेजारी दुसरं पडतं. नवाच घ्यायचं ठरवलं.

पहिला चेंबर

नवा चेंबर संकेतस्थळावरून मागवला तो रात्री अकरा वाजता, जेवण झाल्यावर, मोबाइलवर. ही वेळच चुकीची. साल विचारलं, १९६९ टाकलं. मॉडेल विचारलं, कमॅरो. इंजिन, ३५०. यादीतला पहिलाच चेंबर मूळ मापाचा, काळा रंग दिलेला. खाली बारीक अक्षरात ‘१९७९पर्यंतच्या ब्लॉकसाठी, डिपस्टिक ड्रायव्हरच्या बाजूला’. माझ्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल किती आहे ते बघायची पट्टी, डोळ्यांसमोर आणली. उजवीकडे. ड्रायव्हरची बाजू म्हणजे उजवी. बरोबर आहे, घ्या.

अकरा वर्षं अमेरिकेत डावीकडे बसून गाडी चालवतोय मी. तरी रात्री अकरा वाजता डोक्यातला ड्रायव्हर कोल्हापूरचाच निघाला.

जुना खाली उतरवणं

हे काम इंजिन गाडीतच ठेवून करता येतं, पण इंजिन थोडं उचलावं लागतं. पहिल्या पिढीच्या कमॅरोला पुढे स्वतंत्र सबफ्रेम आहे. तिचा आडवा तुळईसारखा भाग इंजिनाच्या पोटाखालून जातो आणि स्टिअरिंगची सेंटर लिंकही तिथंच आडवी. चेंबरचा खोल भाग मागे आणि उथळ भाग पुढे असतो तो याच दोघांना वाट द्यायला.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, ऑइल काढलं, स्टार्टर उतरवला, फ्लायव्हीलसमोरचा पत्रा काढला. आयडलर आर्म सोडून सेंटर लिंक खाली लोंबू दिली. इंजिन वर उचललं की डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्यावर आदळतो, म्हणून त्याची टोपी काढून ठेवली. पंख्याभोवतीचं कव्हर ढिलं केलं. मग इंजिन ज्यांवर बसतं त्या माउंटचे लांब बोल्ट काढून वरून होइस्टनं इंजिन तीनेक इंच उचललं आणि दोन्ही माउंटखाली सागाचे ठोकळे सारले. होइस्टच्या साखळीच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. ठोकळे आणि घोड्या हव्यातच.

एवढं करूनही चेंबर निघेना. पुढचा काठ कशाला तरी अडत होता. शेजारी एक आजोबा राहतात, फ्लिंटच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले. ते कुंपणापलीकडून अर्धा तास बघत होते. शेवटी म्हणाले, “पुलीवरची टायमिंगची खूण सहाच्या काट्यावर आण.” क्रँक हातानं फिरवून खूण बरोबर खाली आणली, तशी क्रँकची पुढची वजनं वर गेली आणि चेंबर सरकत बाहेर आला. पोटावर पाव लिटर काळं ऑइल सांडून.

तीन मिलिमीटरची फट

नवा चेंबर नुसताच, पॅकिंग न घालता, लावून बघितला. छान बसला. मग चेंबरबरोबर आलेलं अखंड रबरी पॅकिंग घालून बघितलं, तेव्हा टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, अर्धगोलाशी पॅकिंग सैल पडायला लागलं. जुन्या पॅकिंगचा पुढचा भाग चांगला जाडजूड होता, म्हणून तसंच जाड पॅकिंग शेजारच्या गावातून आणलं. आता पुढचे कोपरे ब्लॉकपासून वर उचलले जायला लागले. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघितलं, तीन मिलिमीटर. बोल्ट आवळून ही फट मिटवता येईल असा मोह होतो. मिटतेही. पण मग पत्र्याचा काठ बोल्टापाशी आत खेचला जातो, मध्ये फुगतो आणि दोन बोल्टांच्या मधून ऑइल गळायला लागतं. जुन्या चेंबरच्या काठावर अशा आवळून पडलेल्या वाट्या मला बोटांनी मोजता येत होत्या.

डिपस्टिक घालून बघितली तर ती पूर्ण खाली जाईना. शेवटचे दोन इंच बाहेरच. आत कुठेतरी पत्र्याला टेकत होती.

तेव्हा कुठे मी दोन्ही चेंबर फरशीवर शेजारी शेजारी उपडे ठेवले. हे काम सगळ्यात आधी करायचं होतं. दोन मिनिटं लागली असती. डिपस्टिकला वाट द्यायला काठापाशी एक फुगवटा असतो. जुन्याचा उजव्या अंगाला, नव्याचा डाव्या. पुढच्या अर्धगोलाची खोली काठावर पट्टी आडवी ठेवून मोजली: नव्याची सव्वादोन इंच, जुन्याची दोन पूर्णांक तीन अष्टमांश. फरक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे तेच तीन मिलिमीटर.

आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, “तुझं इंजिन या गाडीचं नाहीच मुळी.”

ब्लॉक काय म्हणतो

शेव्हर्लेचं हे छोट्या ब्लॉकचं व्ही-एट १९५५मध्ये २६५ घनइंचांचं म्हणून आलं. ३५०चा अवतार पहिल्यांदा बसला तो १९६७च्या कमॅरोत. बाहेरची मापं इतकी वर्षं जवळपास तीच राहिल्यामुळे कुठल्याही सालचं इंजिन कुठल्याही सालच्या गाडीत उतरतं, आणि लोकांनी ते मनसोक्त उतरवलंय. चेंबर मात्र या सगळ्या वर्षांत एक राहिला नाही. १९७४पर्यंत पुढचं सील पातळ, पाव इंची. १९७५पासून जाड, तीन अष्टमांश इंची. १९७९पर्यंत डिपस्टिक डावीकडे, १९८०पासून उजवीकडे. १९८६पासून मागचं मेन सील दोन अर्ध्या तुकड्यांऐवजी अखंड झालं, म्हणून चेंबरचा मागचा अर्धगोलही बदलला. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या जागेवर बसून, तोंड पुढे करून ठरवायचं, हे इथे ठळक लिहून ठेवतो. स्वतःसाठी.

ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेवर, डाव्या अंगाला ओतीव आकडा असतो. तारेच्या ब्रशनं घासलं, आरसा धरला: १४०१०२०७. हा १९८० ते ८५च्या दरम्यानचा ३५०. उजव्या अंगाला ओतल्याची तारीख असते: C 17 1. अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. म्हणजे १७ मार्च, आणि शेवटी १ असलेलं साल. वरच्या आकड्यामुळे ते १९८१च असू शकतं. राहिलं उजव्या हेडच्या पुढचं घासून सपाट केलेलं पॅड. त्यावर ठोकलेल्या अक्षरांची सुरुवात V0402 अशी. V म्हणजे फ्लिंट, ०४०२ म्हणजे २ एप्रिल. ओतल्यापासून सोळा दिवसांत जुळणी होऊन इंजिन तयार. आजोबांनी त्या पॅडवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “एक्याऐंशीत मी तिथंच होतो.” मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले.

“अरं, गाडीचं साल बघून चेंबर घेतोस व्हय? आपल्याकडं पेट्रोलच्या ॲम्बॅसेडरला डिझेल इंजिन घालून फिरवायची माणसं. त्याला काय पेट्रोलचा चेंबर बसायचा?”

“बाबा, इथं संकेतस्थळावर सालच विचारतात.”

“विचारू देत की. तू खाली वाकून बघायचं.”

पहिला चेंबर परत गेला. वाहतुकीचा खर्च माझ्या अंगावर. दुकानाला मी दोष देत नाही; जे मागितलं तेच त्यांनी पाठवलं होतं.

निळी माती

दुसरा चेंबर मागवताना गाडी विसरलो आणि फक्त ब्लॉक सांगितला: उजवी डिपस्टिक, दोन तुकड्यांचं मागचं सील, पुढे जाड सील. खोल, जास्त ऑइल मावणारा चेंबर घ्यायचा मोह झाला होता, पण रविवारी आइस्क्रीम आणायला जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. तो जमिनीच्या तेवढाच जवळ येतो आणि गतिरोधकाला लागतो. क्रोमचा चमचमणाराही नको होता. गाडीखालची चमक बघणार कोण? आणि त्या गुळगुळीत काठावर पॅकिंग आवळताना सरकतं.

हा चेंबर नुसता लावून बघितला तर चारी कोपरे बसले, डिपस्टिक तळापर्यंत गेली. इथे थांबून बोल्ट आवळले असते तर हे सगळं लिखाण इथेच संपलं असतं आणि पुढेमागे इंजिनही.

जुन्या चेंबरच्या तळाला, आतून, पोचा जिथे वर आला होता तिथे चंद्रकोरीसारखी घासून चकचकीत झालेली खूण होती. बोट फिरवलं तर पत्रा तिथे पातळ लागत होता. पंपाची जाळी तळाला टेकत होती! गरम इंजिनावर मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे गेलं की ऑइल प्रेशरचा काटा थरथरायचा. ते मी वर्षभर गेजच्या माथी मारत होतो. जाळी तळाला टेकली की पंपाला ऑइल ओढायला फटच उरत नाही.

जाळी आणि तळ यांच्यात तीन अष्टमांश इंच, साडेनऊ मिलिमीटर, हवेत. पाव ते अर्ध्या इंचापर्यंत चालतं. कमी असेल तर पंप उपाशी. जास्त असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर ऑइल पुढे धावतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. हे माप दिसत नाही, कारण चेंबर लावला की सगळं झाकलं जातं. म्हणून माती. मुलीच्या खेळण्यातल्या मातीचा निळा गोळा जाळीवर थापला. ती दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, मला हा परत नको.” पॅकिंग मध्ये घालून चेंबर चार बोल्टांवर लावला आणि पुन्हा काढला. पॅकिंग न घालता मोजलं तर त्याच्या जाडीएवढं माप चुकतं. दबलेली माती ब्लेडनं कापून कॅलिपरमध्ये धरली: सोळा मिलिमीटर.

जुन्या पोच्यानं जाळी वर ढकलली होती आणि तिची नळी पंपात नुसती दाबून बसवलेली असल्यामुळे जागची फिरली होती. जी नळी ढकलून फिरते ती एक दिवस गळूनही पडते. पंप नवाच आणला, जाळीही. नळी पंपात ठोकून बसवली, माती लावून मोजत मोजत साडेनऊवर आणली आणि मग आजोबांनी तिला झाळीचे दोन टाके मारले. टाके मारण्याआधी पंपातली प्रेशर रिलीफची स्प्रिंग काढून ठेवली. आचेनं तिचा ताण गेला तर नवा पंप भंगारात.

उघडलंच आहे म्हणून मागच्या मेन सीलचे दोन्ही तुकडेही बदलले. वरचा अर्धा क्रँक न काढता पितळेच्या सळीनं ढकलून बाहेर काढता येतो. ओठ इंजिनाच्या दिशेला हवा, आणि दोन तुकड्यांचे सांधे मेन कॅपच्या (क्रँकला खालून धरणाऱ्या झाकणाच्या) सांध्यावर न ठेवता सेंटीमीटरभर सरकवून.

बसवणं

नवा चेंबर गरम पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुतला. आतल्या आडव्या पत्र्याच्या वेल्डिंगमागून चुंबकावर चिमूटभर कीस आला. बेअरिंगात गेला असता तर तेवढाही खूप.

पॅकिंग अखंड, आत पोलादाचा पत्रा असलेलं. असं असेल तर त्याला सगळीकडे सिलिकॉन फासायचं नसतं. जिथे टायमिंग कव्हर आणि मागची मेन कॅप ब्लॉकच्या काठाला मिळतात त्या चार कोपऱ्यांत शेंगदाण्याएवढं, बस्स. जास्त लावलेलं आत पिळून निघतं, तुटतं आणि जाळीत जाऊन अडकतं. मधून बाहेर, आळीपाळीनं, तीन फेऱ्यांत आवळत गेलो. पाव इंची बोल्टांना ८० इंच-पाउंड, कोपऱ्यातल्या पाच-सोळांश इंचींना १६५. इंच-पाउंड; फूट-पाउंड नव्हे. इतका कमी जोर की मोठा टॉर्क पाना तिथे ‘कट’ म्हणायच्या आत बोल्ट तुटतो. मी सायकलवाल्यांकडे असतो तो छोटा पाना वापरला. सिलिकॉनला एक रात्र दिली.

नवा पंप कोरडा असतो. आत व्हॅसलीन भरलं होतं, तरी तसंच इंजिन सुरू करायचं नव्हतं. रोटरची जागा खडूनं खुणावून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला आणि त्याच्या भोकातून लांब दांडा घालून ड्रिल मशीननं पंप फिरवला, घड्याळाच्या दिशेनं. पहिले वीस सेकंद ड्रिल मजेत घरघरत राहिलं. मग अचानक त्याचा आवाज जड झाला, मनगटाला पीळ बसला आणि प्रेशरचा काटा शून्यावरून उठून साठवर गेला. एवढ्या पाच आठवड्यांत माझ्या सगळ्यात आवडीचा क्षण तो.

फिल्टर धरून पाच क्वार्ट ऑइल, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. गरम झाल्यावर दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय, हा जुना अंदाज; चार हजारला काटा पन्नासवर स्थिर. थरथर नाही. थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासले, दोन किंचित हलले, बाकी जागेवर.

तीन आठवडे आणि पाचेकशे मैल झाले. नवा पुठ्ठा अंथरला होता. काल सकाळी खाली वाकून बघितलं तर चेंबरखाली स्वच्छ, पण हातभर मागे एक थेंब. बोटावर घेऊन उजेडात धरला.

लाल. गिअरबॉक्सचं.